बुळबुळीत थराची तीनशे वर्षं

रात्री ब्रश न करता झोपलात तर सकाळी दातांवरून जीभ फिरवून बघा. काहीतरी चिकटसं लागेल. माठ चार दिवस घासला नाही तर आतून हाताला जे बुळबुळीत लागतं ना, तोही साधारण तसाच प्रकार. बेसिनच्या पाइपात तेच, गच्चीवरच्या टाकीत तेच. याला म्हणतात बायोफिल्म. म्हणजे काय, तर कशाला तरी चिकटून, स्वतःच बनवलेल्या चिकट पदार्थात गुरफटून राहणारी जिवाणूंची वस्ती.

वाचायला फालतू प्रकरण वाटेल. पण हाच थर पेसमेकरच्या वायरवर किंवा गुडघ्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्यावर जमला, की माणूस महिनोन्‌महिने हॉस्पिटलच्या फेऱ्या मारत राहतो. लॅबचा रिपोर्ट म्हणतो की या जिवाणूवर हे औषध चालतं. पेशंट औषध घेतो, ताप उतरतो, कोर्स संपतो आणि काही दिवसांनी ताप परत हजर! रिपोर्ट खोटा नसतो, डॉक्टरही चुकलेला नसतो. मग गडबड कुठे होते?

हे नीट कळायला तीनशे वर्षं लागली. आणि गंमत म्हणजे उत्तराचं एक टोक अगदी पहिल्याच माणसाच्या हाती लागलं होतं.

तो माणूस म्हणजे हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी, अँटनी व्हॅन लिवेनहॉक. फावल्या वेळात हा गडी स्वतः भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा. १६८३ साली त्याने स्वतःच्या दातांमधला पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने तसं पत्रच लिहिलं. पुढे त्याने आणखी एक प्रयोग केला. जोरदार व्हिनेगरने चूळ भरली, तरी दातांवरच्या थरात जीव जिवंतच. मग तोच थर काढून पाण्यात कालवला आणि त्यात व्हिनेगर घातलं, तर सगळे लगेच मेले. त्याने निष्कर्ष काढला की व्हिनेगर थराच्या बाहेरच्यांनाच मारतं, आत पोचत नाही. बायोफिल्मचं अर्धं शास्त्र या एका वाक्यात आलं होतं! पण तेव्हा जिवाणूंमुळे रोग होतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते तसंच पडून राहिलं.

दोनशे वर्षांनी आला रॉबर्ट कॉख. अमुक जिवाणूमुळे अमुक रोग होतो हे सिद्ध करायचं, तर आधी तो जिवाणू इतरांपासून वेगळा काढायला हवा. त्यासाठी कॉखने १८८१ च्या सुमारास घट्ट माध्यमावर जिवाणू वाढवायची पद्धत बसवली. सुरुवातीला तो जिलेटिन वापरायचा, पण ते उबेत वितळायचं. त्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्थर हेस्सेची बायको फॅनी हिने अगार सुचवलं, कारण जेली करायला ती घरी तेच वापरायची. (मायक्रोबायॉलॉजीचा इतिहास स्वयंपाकघरातून जातो, बघा :) ) १८८७ मध्ये पेट्रीची बशी आली. या पद्धतीच्या जोरावर कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जिवाणू शोधला आणि पुढे १८८४ मध्ये आपल्या कलकत्त्यात कॉलऱ्याचा जिवाणू वेगळा केला. पुढच्या काही दशकांत एकामागून एक रोगांचे जिवाणू सापडत गेले.

पण प्रत्येक पद्धतीची किंमत असते. एकच जात, भरपूर खायला आणि ढवळलेल्या द्रवात मोकळं पोहणं, ही प्रयोगशाळेतली परिस्थिती. शरीरात किंवा नदीत असं ऐसपैस आयुष्य कुठलं? आपल्या भाषेत सांगायचं तर सगळं टेस्टिंग टेस्ट सर्व्हरवर चाललं होतं आणि प्रॉडक्शनमध्ये नेमकं काय चाललंय ते कुणी बघत नव्हतं.

अगदीच कुणी बघत नव्हतं असंही नाही. १९३३ साली अमेरिकेत आर्थर हेन्रिसीने काचेच्या पट्ट्या तळ्यात बुडवून ठेवल्या आणि सांगितलं की पाण्यातले बहुतेक जिवाणू तरंगत नाहीत, बुडालेल्या वस्तूंवर वाढतात. १९४३ मध्ये क्लॉड झोबेलने समुद्राच्या पाण्याबाबत तसंच दाखवून दिलं. पण ही झाली तळ्या-समुद्राची माणसं. वैद्यकातल्या लोकांनी त्यांचे पेपर वाचायचं कारण काय?

वैद्यकाच्या बाजूलाही एक इशारा मिळाला होता. १९४४ साली जोसेफ बिगर या आयरिश जिवाणुतज्ज्ञाला दिसलं की भरपूर पेनिसिलिन देऊनही थोडे स्टॅफिलोकोकस उरतातच. बरं, त्यांची पुढची पिढी वाढवून पाहिली तर ती पेनिसिलिनने सरळ मरते. म्हणजे हे औषधाला सरावलेले नव्हते, नुसते दडी मारून बसलेले होते. पण पेनिसिलिनचा तो सुवर्णकाळ, दोन-चार चिवट जिवाणूंची फिकीर कोण करणार?

या दोन बाजू जोडल्या त्या बिल कॉस्टरटन या कॅनेडियन मायक्रोबायॉलॉजिस्टने. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे गृहस्थ आपल्या पंजाबात, बटाल्याच्या बेअरिंग युनियन ख्रिश्चन कॉलेजात शिकवत होते. पुढे कॅलगरी विद्यापीठात असताना त्यांच्या गटाने डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी तपासलं. वाहत्या पाण्यात जिवाणू थोडे, आणि ओढ्यातल्या दगडांवरच्या बुळबुळीत थरात मात्र प्रचंड! १९७८ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लेख लिहिला, विषय हाच, की जिवाणू चिकटतात कसे.

मग १९८२ मध्ये ओढा थेट हॉस्पिटलात आला. एका पेशंटच्या रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियसचा संसर्ग अँटिबायोटिक देऊनही पुन्हा पुन्हा उलटत होता. त्याच्या पेसमेकरची वायर काढून कॉस्टरटन आणि सहकाऱ्यांनी ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर वायरवर चिकट पदार्थात गाडलेले जिवाणूंचे थरच्या थर! थरातून सुटून रक्तात आलेल्यांना औषध मारत होतं, म्हणून ताप उतरत होता. वस्ती जागच्या जागी होती, म्हणून तो परत येत होता. लिवेनहॉकच्या व्हिनेगरचीच गोष्ट, फक्त जागा दातांऐवजी हृदयाची.

तिकडे कोपनहेगनमध्ये नील्स हॉइबी यांना सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांच्या कफात स्यूडोमोनासचे असेच गठ्ठे सत्तरच्या दशकातच दिसले होते.

बायोफिल्मला औषध का लागत नाही, याचं एकच एक कारण नाही. साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या पेशींचा डीएनए यांचा तो चिकट पदार्थ काही औषधांना अडवतो. आत खोलवर प्राणवायू आणि अन्न कमी, म्हणून तिथले जिवाणू संथ होतात. आणि पेनिसिलिनसारखी औषधं तर पेशीची भिंत बांधणाऱ्यालाच मारतात, बांधकाम बंद असेल तर मारणार काय? त्यात बिगरचे ते दडी मारलेले जिवाणूही असतातच.

१९९९ मध्ये कॅलगरीच्याच गटाने थरातल्या जिवाणूंवर औषधं तपासायचं साधन प्रसिद्ध केलं. मोकळ्या जिवाणूंना जेवढं औषध पुरतं त्याच्या शंभर ते हजार पट औषध थरातल्या त्याच जिवाणूंना लागू शकतं, असं त्यात दिसलं. एवढं औषध माणसाला द्यायचं तर जिवाणूआधी माणूसच जायचा.

म्हणजे रिपोर्टवरचं 'सेन्सिटिव्ह' खरंच असतं, पण ते मोकळ्या जिवाणूबद्दल. प्रश्न बरोबर, उत्तर बरोबर, फक्त प्रश्न भलत्यालाच विचारलेला.

याचा उपयोग काय झाला? जादूचं औषध काही मिळालं नाही. पण 'आणखी एक कोर्स देऊन बघू' म्हणत बसण्यापेक्षा कॅथेटर किंवा वायर काढून टाकणं का गरजेचं ठरतं, त्याचं कारण कळलं. कोपनहेगनमधून १९९१ मध्ये असं दाखवलं गेलं, की स्यूडोमोनास फुफ्फुसात नुकताच आला असताना, पाय रोवायच्या आत उपचार केले, तर कायमचा संसर्ग बऱ्याच मुलांत टाळता येतो. वस्ती उठवणं अवघड, बसू न देणं सोपं.

कॉस्टरटन २०१२ मध्ये गेले. कॉखची पद्धत आजही प्रत्येक लॅबमध्ये रोज चालते आणि चालायलाच हवी. सेप्सिसच्या पेशंटला दोन दिवसांत नेमकं औषध मिळतं ते तिच्याच जिवावर. फक्त घरात कुणाला सांधा, झडप किंवा पेसमेकर बसवलेला असेल आणि बरा झालेला ताप परत आला, तर उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. सरळ डॉक्टरकडे जा आणि आत काय बसवलंय ते आठवणीने सांगा. रिपोर्टात ते दिसत नाही.