‘चंद्रकांता’ आणि नागरीचे वाचक

देवकीनंदन खत्री (1861–1913) यांची ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी 1888 पासून प्रसिद्ध होऊ लागली. नौगढचा राजपुत्र, विजयगढची राजकन्या आणि दिवाणपुत्र क्रूरसिंहाचे कपट, हा तिचा सांगाडा सामान्यच होय. लक्षणीय आहे ती तिच्यातील जादू. ‘तिलिस्म’ हा मूळचा ग्रीक शब्द अरबी-फारसीमार्गे उर्दू दास्तानांत आला. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने 1883 पासून छापलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त तो खऱ्या मायेचाच द्योतक आहे. खत्रींनी शब्द ठेवला, माया वगळली. त्यांचे तिलिस्म कळसूत्री यंत्रांचे. ऐयारांची विद्या वेषांतराची व बेशुद्धीच्या औषधांची. चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेतलेल्या या लेखकाने तेथील पडकी बांधकामे पाहिली होती, हे ध्यानात घ्यावे.

ही कादंबरी वाचण्यासाठी असंख्य लोक हिंदी शिकले, असे नेहमी सांगितले जाते. हे विधान भाषाशास्त्रदृष्ट्या सैल आहे. रामचंद्र शुक्लांनीही खत्रींची भाषा ‘हिंदुस्थानी’ ठरविली. उर्दू वाचणारास ती मुळी परकी नव्हतीच. असे वाचक शिकले असतील ती लिपी. वायव्य प्रांताच्या न्यायालयांत नागरीस मुभा मिळाली ती 1900 साली, म्हणजे ‘चंद्रकांते’नंतर बारा वर्षांनी.