निर्मलची खेळणी : एका सोसायटीची सीमेलगतची वाटचाल

कल्याणहून नगर, परभणी, नांदेड, भोकर करत येणारा महामार्ग भैंसा ओलांडून तेलंगणातले निर्मल गाठतो आणि तिथे नागपूर–हैदराबाद रस्त्याला भेटतो. मराठवाड्यातल्या कितीतरी लोकांना निर्मल हे नाव मैलाच्या दगडावरूनच ठाऊक आहे. याच गावात १९५५ साली लाकडी खेळणी आणि चित्रे करणाऱ्या कारागिरांनी आपली सहकारी सोसायटी स्थापन केली. निर्मल तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते, ते २०१६च्या ऑक्टोबरात स्वतंत्र जिल्हा झाले. पण सोसायटीची जवळजवळ सगळी हयात आदिलाबादेत गेली आणि आदिलाबाद म्हणजे कायम हद्दीवरचा मुलूख.

कला सोसायटीपेक्षा कितीतरी जुनी. सतराव्या शतकात निम्मा नायडूने नक्काश कारागिरांना इथे आश्रय दिला, असे परंपरा सांगते. पुढे मुलूख निजामाकडे गेला. निजामी राज्याची करोडगिरी, म्हणजे जकात, वेगळी, नाणेही वेगळे. निजामाचे सात हाली रुपये मोजावे तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचे सहा कलदार हातात पडत. जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा, पलीकडे यवतमाळ. १५ ऑगस्ट १९४७ला पलीकडे स्वतंत्र भारत आला आणि अलीकडे निजामाचे राज्य राहिले. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद भारतात येईपर्यंतचे तेरा महिने पैनगंगेच्या दोन काठांवर दोन सत्ता होत्या. ज्या नदीच्या दोन्ही बाजूंना सोयरिकी, त्याच नदीवर नाके आणि बंदुका आल्या. आठवड्याच्या बाजारावर जगणाऱ्या माणसाला याची झळ काय असते, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

सोसायटी उभी राहिली तेव्हा हैदराबाद राज्य अजून होते आणि नांदेड व आदिलाबाद एकाच राज्याचे जिल्हे होते. वर्ष-दीड वर्षातच, १ नोव्हेंबर १९५६ला, भाषावार प्रांतरचना झाली. किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात गेले. नांदेडचा मुधोळ तालुका, म्हणजे भैंसा आणि बासरचा भाग, आदिलाबादेत आला. कागदावर ओढलेल्या या रेघेने सोसायटीचे गिऱ्हाईक तोडले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. मुधोळ-भैंशात तर आजही कितीतरी घरांत मराठी चालते.

माल कसा घडतो ते जरा जवळून पाहू. लाकूड पोनिकी या झाडाचे. ते हलके आणि मऊ असते, पण ओल जाईपर्यंत वाळवावे लागते. हरणाचे धड, पाय, शिंगे वेगवेगळी कोरतात आणि मग सांधतात. सांध्यात भरतात तो लगदा चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा कालवून केलेला. तो वाळला की कानशीने घासायचे, वर पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, पुन्हा घासायचे. सांधा बोटाला लागेनासा झाल्याशिवाय रंगाला हात नाही. आंबा, सीताफळ, पोपट, हरीण हा नेहमीचा माल. सावंतवाडीची लाकडी फळे ज्यांच्या घरी आहेत, त्यांना या कामाचे नाते लगेच कळेल. चित्रांची तऱ्हा निराळी आहे. गडद पार्श्वभूमीवर सोनेरी रेषा चालते आणि विषयांत अजिंठ्याची व मोगल लघुचित्रांची छाया दिसते. पूर्वी हा सोनेरी रंग वनस्पतींच्या रसापासून करत. आता बहुतेक काम तयार रंगांवर चालते.

अशा धंद्यात एकट्याने लाकूड आणायचे, रंग घ्यायचे आणि गिऱ्हाईकही शोधायचे म्हटले की कारागीर व्यापाऱ्याच्या उधारीत अडकतो. सोसायटीचे मोल इथे आहे. तिच्यामुळे निर्मलचा माल निर्मलच्याच नावाने विकला गेला. सरकारी एम्पोरियमांची साथ होती. २०१४ला आंध्र प्रदेश राज्य फुटले तेव्हा ‘लेपाक्षी’ आंध्राकडे राहिले आणि तेलंगणाने ‘गोलकोंडा’ काढले. खेळणी, फर्निचर आणि चित्रे या तिन्हींना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

मात्र सीमेने जे केले नाही ते जंगलाने आणि रस्त्याने केले. पोनिकी जवळपास मिळेनासे झाले. आदिलाबादचे जंगल तोडले गेले तसे हे झाड मागे हटले, आणि लाकूड नसेल तर मानांकनाचा कागद काय कामाचा? त्यातच महामार्ग चौपदरी झाला आणि वाहतूक गावाबाहेरून वळली. नागपूर-हैदराबाद प्रवासात चहाला थांबून पोपटांची जोडी घेणारा माणूस आता गावात शिरतच नाही. पोनिकीची लागवड ही माझ्या मते पहिली गरज आहे, प्रदर्शने त्यानंतरची.

परदेशी खेळण्यांचा रेटा वेगळाच. २०२०च्या फेब्रुवारीत केंद्राने आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले, २०२३ला ७० टक्के केले. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हा नियम जसाच्या तसा लागला असता तर चाचणीच्या खर्चानेच हस्तकारागीर बसला असता. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि मानांकन असलेल्या मालाला त्यातून सूट मिळाली. ही सूट हवीच होती. पण शुल्काने बाहेरचा माल अडतो, तरुण मुलगा बापाच्या पाटावर येऊन बसेलच असे नाही. त्याला दिवसाची नीट मजुरी दिसली पाहिजे.

मजुरी गिऱ्हाइकाच्या खिशातून येते. बासरच्या सरस्वती मंदिरात मुलांच्या अक्षराभ्यासासाठी महाराष्ट्रातून हजारो कुटुंबे जातात. तिथून निर्मल सत्तरएक किलोमीटर. पाटीपेन्सिल पुजून झाली की गाडी भैंशाकडे वळवा, निर्मलला सोसायटीच्या विक्रीकेंद्रात जा आणि मुलाला त्याच्या आवडीचे खेळणे, घासाघीस न करता, घेऊन द्या.