तिरकी धरून पाहा

आमचे अब्बा आठवडी बाजारात बांगड्या विकत. गोष्ट १९९९च्या पावसाळ्यातली. दिवेलागणीला एका बाईनं दोन मुलींना बांगड्या भरल्या आणि पाचशेची नोट पुढे केली. अब्बांनी पेट्रोमॅक्सच्या उजेडात ती धरून पाहिली आणि दिवसभराचा गल्ला मोडून बाकीचे पैसे परत केले. घरी आल्यावर मात्र कागद बोटांना वेगळा लागला. शेजारचे एक दुकानदार म्हणाले, ‘‘चाचा, पुढच्या बाजारी अंधार पडला की चालवून टाका.’’ अब्बा दुसऱ्या दिवशी स्वत: बँकेत गेले. खजिनदारानं नोटेवर शिक्का मारला आणि ती ठेवून घेतली. खोट्या नोटेच्या बदल्यात काही मिळत नसतं. पाचशे रुपये म्हणजे आमच्या घरचा पंधरा दिवसांचा किराणा. अब्बा एवढंच म्हणाले, ‘‘त्या बाईलाही ती कुणीतरी दिलीच असेल ना!’’

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. पण त्या शिक्क्यानं मला नोटेकडे बघायला शिकवलं. नोट म्हणजे एक वचन. ते खोटं निघालं की फटका बसतो तो शेवटी ज्याच्या हातात ती सापडते त्याला. म्हणूनच खरी नोट ओळखायची सोय सामान्य माणसाच्या हातात हवी. नोटांचा इतिहास हा या सोयीचाच इतिहास आहे.

आपल्याकडे १८६१च्या कायद्यानं नोटा काढण्याचा हक्क सरकारनं आपल्याकडे घेतला. व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेल्या त्या पहिल्या नोटा एकाच बाजूनं छापलेल्या असत. कागद इंग्लंडात हातानं तयार केलेला आणि त्यात जलचिन्ह. तरीही नकला इतक्या झाल्या की १८६७ साली नव्या नोटा काढाव्या लागल्या. म्हणजे नोट आणि तिची नक्कल यांची शर्यत पहिल्या सहा वर्षांतच सुरू झाली!

पुढे ही शर्यत आपल्या नाशिकला आली. नाशिकरोडला आजही ‘प्रेस’ म्हटलं की कुणाला वर्तमानपत्र आठवत नाही, नोटांचा छापखानाच आठवतो. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जाऊ लागल्या. त्याआधी त्या विलायतेतून छापून येत. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी आपल्या नोटांच्या हुबेहूब नकला केल्या. तेव्हा जलचिन्हातला राजा, जो एका बाजूला बघत होता, तो समोर बघू लागला आणि नोटेच्या कागदात प्रथमच सुरक्षा धागा आला.

पण १९८०च्या दशकात रंगीत छायाप्रत काढणारी यंत्रं आली आणि पेच वाढला. कुशल कोरक्याला वर्षभर लागेल ते काम यंत्र क्षणात करू लागलं. मग जे यंत्राला उचलताच येणार नाही असं काय असेल? यंत्र रंग उचलतं, पण ते नोटेकडे एकाच कोनातून बघतं. तेव्हा कोन बदलला की रंग बदलेल अशी शाई हवी.

ही किमया साबणाच्या फुग्यात आहे, पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलात आहे. पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूनं परतलेले प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. काही रंग उजळतात, काही विझतात. शाईतल्या कणांची रचनाही अशीच. मधोमध चकाकणारं अॅल्युमिनियम, त्याच्या दोन्ही अंगांना पारदर्शक थर आणि सर्वांत बाहेर क्रोमियमचा अर्धपारदर्शक पापुद्रा. पारदर्शक थराच्या जाडीवर रंग ठरतो. नोट तिरकी केली की हिरवा निळ्याकडे सरकतो.

अब्बांची नोट गेली त्याच्या पुढच्याच वर्षी, २००० साली, आपल्याकडे हजाराची नोट आली, पाचशेच्या नोटेचा रंग बदलला आणि दोन्हींवरचा आकडा या शाईत छापला गेला. मी पहिली नवी पाचशेची नोट अब्बांच्या हातात ठेवली. ती तिरकी करून ते लहान मुलासारखे हसले.

शर्यत तिथेही थांबली नाही. रंग बदलणाऱ्या शाईच्याही बऱ्यावाईट नकला होऊ लागल्या. तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या शाई आणि यंत्रं बनवणाऱ्यांनी चुंबक हाताशी धरलं. कणांच्या थरांत एक थर लोहचुंबकीय धातूचा घालायचा. जाळीच्या छपाईनं शाईचा जाड लेप द्यायचा. शाई ओली असतानाच कागद एका रुळावरून न्यायचा. कागदावर जितक्या नोटा, तितकी चुंबकं त्या रुळात बसवलेली असतात. शाळेत कागदाखाली चुंबक फिरवून लोखंडाचा कीस नाचवला होता, आठवतं ना? तसेच हे कण ठरलेल्या दिशेनं कलतात. त्याच क्षणी अतिनील प्रकाशानं शाई वाळवायची. उशीर झाला तर कण पुन्हा विस्कटतात. चुंबकं सुट्या पेट्यांत बसवलेली असली, की नक्षी बदलताना सगळं यंत्र बदलावं लागत नाही. पेटी काढायची, दुसरी बसवायची, तिची जागा नेमकी जुळवायची. एवढा खटाटोप कशासाठी? तर नोट हलवली की आकड्यावरून उजेडाचा एक पट्टा वरखाली सरकावा! युरोपात २०१३ साली आलेल्या नव्या पाच युरोच्या नोटेवर आणि चीनच्या २०१५च्या शंभर युआनच्या नोटेवर हा चालता उजेड दिसतो.

आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ला जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या. नव्या पाचशेवर आकडा आणि धागा दोन्ही हिरव्याचे निळे होतात.

पण एक गोष्ट मनात सलते. शेवटच्या वर्षांत अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. रंग बदलतो की नाही, हे त्यांना दिसत नव्हतं. ते पाचशेच्या नोटेवरचं उठावाचं छोटं वर्तुळ अंगठ्यानं चाचपत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही उठावाची चिन्हं १९९६ पासूनच्या गांधी मालिकेत आली. रिझर्व्ह बँकेनं २०२० साली मोबाइलवर नोट ओळखणारं ‘मणी’ हे अॅपही दिलं. ते नोट कितीची आहे ते सांगतं, खरी की खोटी ते मात्र सांगत नाही. वापरून वापरून नोट झिजते आणि तो उठावही झिजतो. उजेडाला चालवणारी शाई माणसानं शोधली. बोटांना तितकीच खात्री देणारं काही शोधणं अजून बाकी आहे.

तोवर नोट हाती आली की जरा तिरकी धरून पाहा. त्यात देणाऱ्याचा अपमान नाही. आणि खोटी निघालीच, तर ती अंधारात पुढे सरकवू नका. पुढचा हात कदाचित एखाद्या बांगडीवाल्याचा असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)