पेडणे-डिचोलीची हलती खेळणी आणि शोधाची नोंद

पेडणे आणि डिचोली हे उत्तर गोव्यातील दोन तालुके आज गोवा राज्यात मोडत असले, तरी त्यांच्या लाकूडकामाचा, बाहुल्यांचा आणि खेळण्यांचा इतिहास सावंतवाडीपासून तोडून सांगता येत नाही. वाडीकर सावंतांच्या सत्तेखालील हा मुलूख 1781 ते 1788 या काळात पोर्तुगिजांच्या हाती गेला आणि सत्तरीसह ‘नव्या काबिजादी’ म्हणजे उशिरा जिंकलेल्या महालांत गणला जाऊ लागला. तोवर तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादींवर पोर्तुगिजांची सत्ता येऊन अडीच शतके होत आली होती. त्यामुळे पेडणे-डिचोलीची भाषा, देवस्थाने, सोयरिकी आणि कारागिरी ही सीमा आखली जाण्याआधीच घडलेली होती, आणि सीमा आखली गेल्यानंतरही ती बांद्याच्या वाटेने वाडीशी जोडलेली राहिली. या पट्ट्यात हलणारे, वाजणारे, उडणारे खेळणे घडवण्याची बुद्धी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. परंतु तिचे फळ जत्रेत किंवा सणाच्या रात्री सर्वांसमोर उघडे मांडले जात असल्याने शोधांची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या कोणत्याही दप्तरात ते सहसा पोहोचले नाही. असे का घडले, याचे उत्तर कारागिरीच्या रीतीत जितके आहे तितकेच कायद्याच्या इतिहासातही आहे.

कारागिरीचे केंद्र अर्थातच सावंतवाडीची चितारआळी. चितारी म्हणजे लाकूड कातून त्यावर रंगकाम करणारा कारागीर. या व्यवसायाची घराणी वाडीप्रमाणे गोव्यातही होती आणि लग्नाचे पाट, चौरंग, पाळणे, देव्हारे व मुलांची खेळणी हा त्यांचा ठरलेला माल होता. खेळण्यांसाठी पांगाऱ्यासारखे हलके, मऊ लाकूड वापरले जाई. फिरत्या यंत्रावर लाकूड गरगर फिरत असताना पटाशीने त्याला गोल आकार द्यायचा, मग रंग मिसळलेली लाखेची कांडी त्यावर दाबून धरायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरली की केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणायची, अशी ही पद्धत आहे. गोल कातता येते त्या वस्तूला चाक, आस आणि भोवरा होणे सोपे जाते, आणि म्हणूनच लाखकामाच्या परंपरेत भोवरा, भिंगरी, खुळखुळा, चाकांची गाडी आणि चालायला शिकणाऱ्या मुलाचा पांगुळगाडा ही गतीची खेळणी आपोआप आली. तिसरे खेम सावंत यांच्या काळात वाडीत आलेला मानला जाणारा गंजिफा हा पत्त्यांचा खेळही याच चितार्‍यांच्या हातून रंगवला गेला. विसाव्या शतकात ही कला विझू लागली, तेव्हा वाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कामाची जागा उभी केली. या पट्ट्याच्या कारागिरीच्या इतिहासात या प्रयत्नाचे मोल फार मोठे आहे.

गतीचे दुसरे घराणे कुडाळजवळच्या पिंगुळीचे. तेथील ठाकर समाजाने वाडीच्या राजाश्रयाने चित्रकथी, चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या. याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. कळसूत्री बाहुली हे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने सांध्यांचे खेळणे आहे: मान, खांदा आणि मनगट सैल जोडलेले असतात, वजन खाली ओढत असते आणि दोरा वर, आणि या दोन ओढींच्या मेळातून नाच उमटतो. तिसरा नमुना दिवाडी बेटावरचा. तेथे ऑगस्टमध्ये साजऱ्या होणाऱ्या बोंदेरा उत्सवात ‘फोताश’ नावाची बांबूची नळी वापरतात, जिच्यात दट्ट्याने हवा कोंडून फळ वेगाने बाहेर फेकले जाते. बालवयात ज्याने असे खेळणे हाताळले, त्याला दाबलेल्या हवेचा नियम निराळा शिकवावा लागत नाही.

हलत्या खेळण्यांचा विचार या देशात शास्त्र म्हणूनही झाला होता. अकराव्या शतकातील धारचा राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या वास्तुशास्त्रीय ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात नाचणाऱ्या बाहुल्या, लाकडी पक्षी, द्वारपालाचे काम करणारे पुतळे यांचे वर्णन येते. त्याच अध्यायात ग्रंथकार स्पष्ट सांगतो, की यंत्रांची प्रत्यक्ष रचना त्याने अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी सांगितलेली नाही. हे विधान फार महत्त्वाचे आहे, कारण आधुनिक पेटंटची कल्पना नेमकी याच्या उलट टोकाला उभी आहे. पेटंट म्हणजे शोधक आणि राज्यसंस्था यांच्यातील करार: शोधकाने आपली रचना, तज्ज्ञ माणसाला ती पुन्हा करता येईल इतक्या तपशिलाने उघड करायची आणि राज्याने त्या बदल्यात ठरावीक मुदतीपुरता, आज भारतात अर्जाच्या दिनांकापासून 20 वर्षे, इतरांना ती बनवण्या-विकण्यापासून रोखण्याचा हक्क त्याला द्यायचा. भोजाची गुप्तता आणि पेटंटचा करार यांच्या पलीकडे तिसरी वाट आहे, ती सर्वांना दाखवण्याची आणि काहीच राखून न ठेवण्याची. पेडणे-डिचोलीने मुख्यतः ही तिसरी वाट चालली.

पहिले कारण राजकीय होते. भारतात शोधांच्या संरक्षणाचा कायदा 1856 साली झाला आणि त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केला. पुढे 1911 साली पेटंट आणि डिझाइन यांचा एकत्र कायदा आला. मात्र हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते. सावंतवाडी 1948 पर्यंत संस्थान होते आणि पेडणे-डिचोली 1961 पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली. म्हणजे एकाच कारागिरीच्या प्रदेशाचे दोन्ही तुकडे त्या कायद्याच्या बाहेर पडले, आणि सीमेच्या अलीकडच्या चितार्‍याला तर लिस्बनचे नियम व पोर्तुगीज भाषा यांना सामोरे जावे लागले असते. मुंबईत वाढलेल्या मराठी माणसालाही शोध नोंदवून त्यावर व्यवसाय उभारणे सोपे नव्हते, हे शंकर आबाजी भिसे (1867–1935) यांच्या आयुष्यावरून दिसते. छपाईच्या टाइप-ओतणी यंत्रापासून घरगुती उपकरणांपर्यंत अनेक शोध लावणाऱ्या या माणसाला भांडवलासाठी आणि बाजारासाठी आधी लंडन आणि मग न्यू यॉर्क गाठावे लागले. त्यांना दादाभाई नवरोजींसारख्यांचे पाठबळ मिळाले. डिचोलीच्या बाजारात खुळखुळे विकणाऱ्याला तसे कोण मिळणार होते?

पेटंटचे खेळणे गोव्यात आले ते बाहेरून आणि कारखान्याच्या रूपाने. एमआरएफ उद्योगसमूहाने अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीच्या सहकार्याने 1987 साली फनस्कूल ही कंपनी काढली आणि तिचे उत्पादन गोव्यात सुरू झाले. तिने बनवलेल्या खेळण्यांत ‘जी. आय. जो’ हा हातपाय वळणारा सैनिक होता. हॅस्ब्रोने 1964 साली बाजारात आणलेल्या मूळ जी. आय. जोच्या हलत्या सांध्यांच्या रचनेवर 1966 साली सॅम स्पीअर्स यांच्या नावे अमेरिकन पेटंट मिळाले होते. सांध्यांची बाहुली ही कल्पना पिंगुळीच्या ठाकरांना आणि त्यांच्याही पूर्वी जगभरच्या बाहुलीकारांना ठाऊक होती, आणि पेटंट त्या कल्पनेवर कधीच नव्हते. ते भाग एकमेकांशी विशिष्ट रीतीने जोडण्याच्या एका रचनेपुरते होते. मक्तेदारीची ही मर्यादा ध्यानात घेतली, की ‘आमच्याकडे हे पूर्वीपासून होते’ एवढे म्हणून पेटंटचा प्रश्न सुटत नाही, हेही उमगते. गोव्यातील कामगारांनी ओतलेल्या त्या सैनिकाची रचना मात्र परदेशात ठरलेली होती आणि तिचा हक्कही तिकडेच होता.

याच काळात गावागावांत स्थानिक यंत्रबुद्धी वेगळ्या जागी फुलत होती. दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात बांबू, गवत आणि कागद यांचे प्रचंड नरकासुर उभे राहतात, त्यांच्या स्पर्धा होतात आणि पहाटे ते जाळले जातात. शिगमोच्या, म्हणजे गोव्यातील शिमग्याच्या, मिरवणुकीत पेडणे आणि डिचोलीसह ठिकठिकाणी रोमटामेळांच्या, म्हणजे ढोलताशांवर नाचणाऱ्या पथकांच्या, जोडीने चित्ररथ निघतात. त्यांवरचा गरुड पंख हलवतो, राक्षसाचा जबडा उघडतो, नाग फणा काढून वर येतो. चवथीला घरच्या गणपतीसमोर याच तत्त्वावरचे छोटे चलत देखावे मांडले जातात. मोठे असोत की छोटे, ही खेळणीच आहेत आणि त्यांची रचना अभ्यासण्याजोगी आहे. मोटारगाडीच्या काचेवरचे पाणी पुसणारी वायपरची मोटर हळू फिरते, जोर देते आणि बॅटरीवर चालते, म्हणून अशा कामाला ती हाताशी येते. तिच्या फिरत्या दांड्याला मधोमध न जोडता कडेला जोडलेली पट्टी, म्हणजे क्रँक, गोल गतीचे पुढे-मागे होणाऱ्या गतीत रूपांतर करते. आणि एका बाजूला फुगीर कापलेले चाक, म्हणजे कॅम, त्यावर टेकलेली दांडी ठरलेल्या क्षणी उचलून सोडते, ज्यामुळे मान एकदम वळते आणि मग सावकाश परत येते. डिचोली आणि शेजारच्या सत्तरीत खाणींमुळे ट्रक आणि अवजड यंत्रे यांच्या दुरुस्तीची कामे वाढली होती. वेल्डिंग, दातेरी चाके आणि तेलाच्या दाबावर वर-खाली होणारे दट्टे यांची तिथली ओळख सणाच्या या कामाला पोषक ठरली असली पाहिजे. अलीकडे याला प्रोग्राम करता येणारे स्वस्त सर्किट, एलईडी आणि ध्वनिफीत यांची जोड मिळाली आहे. दरवर्षी मागच्या वर्षापेक्षा नवे काही दाखवण्याची ईर्षा, बघ्यांची गर्दी आणि परीक्षकांची नजर यांतून जी कल्पकता जन्माला येते, ती कोणत्याही प्रयोगशाळेने हेवा करावा अशी आहे.

कायद्याशी गाठ पडते ती इथे. भारताचा सध्याचा पेटंट कायदा 1970 सालचा असून तो 20 एप्रिल 1972 रोजी लागू झाला, आणि गोव्यातील अर्जदाराचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो. नावीन्य ही त्याची पहिली अट आहे आणि अर्जापूर्वी शोध लोकांसमोर आला की नावीन्य सरते. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या औद्योगिक प्रदर्शनात वस्तू मांडली तर 12 महिन्यांच्या आत अर्ज करण्याची सवलत आहे. शिगमोची मिरवणूक किंवा नरकासुराची रात्र त्यात बसत नाही. दुसरी अडचण अशी, की ठाऊक असलेल्या साधनांची नुसती नवी मांडणी, ज्यात प्रत्येक साधन आपापले काम स्वतंत्रपणे करते, ती कायद्याने शोध मानली जात नाही. बाहुलीत मोटर, दिवा आणि गाण्याची चिप एकत्र बसवली तर ती शोधाच्या कसोटीला उतरत नाही. पण टाळीचा आवाज ओळखून तिच्या कॅमची गती बदलावी आणि त्यामुळे बाहुलीचे पाऊल तालावर पडावे, अशी परस्परांवर अवलंबून असलेली रचना असेल, तर निदान विचार होऊ शकतो. पारंपरिक ज्ञानालाच पेटंट देण्यास कायद्याने मनाई केली आहे, हे योग्यच झाले, कारण त्यामुळे चितार्‍यांचा भोवरा कोणा एकाच्या नावावर चढत नाही.

खेळण्यांसाठी आणखी दोन वाटा आहेत. 2000 सालचा डिझाइन कायदा वस्तूच्या डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराला, रेखाटनाला आणि सजावटीला 10 वर्षे व पुढे 5 वर्षे संरक्षण देतो, परंतु निव्वळ यांत्रिक रचनेला नाही. म्हणजे बाहुलीचा चेहरा त्यात येतो आणि पोटातले चक्र येत नाही. भौगोलिक मानांकन हे व्यक्तीला नव्हे तर प्रदेशातील उत्पादक समूहाला मिळते आणि दर 10 वर्षांनी त्याचे नूतनीकरण करता येते. कर्नाटकातील चन्नपट्टणच्या खेळण्यांना ते पूर्वीच लाभले आणि पेडण्यातील हरमलच्या मिरचीलाही मिळाले. मिरचीच्या शेजारी लाखेच्या खेळण्याचे नाव लागले, तर ते सीमेच्या दोन्ही बाजूंच्या चितार्‍यांचे मिळून असावे, असे इतिहास सुचवतो. 2021 पासून खेळण्यांना मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले, तेव्हा नोंदणीकृत हस्तकारागीर आणि मानांकन मिळालेली खेळणी यांना त्यातून वगळण्यात आले, हा मानांकनाचा थेट व्यावहारिक लाभ आहे. विजेवर चालणाऱ्या खेळण्याच्या सुरक्षिततेसाठी मात्र स्वतंत्र मानक आहे, आणि पेडण्यातील तुये येथील इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाच्या वसाहतीत उद्या कोणी अशी खेळणी करू म्हणाला, तर त्याची सुरुवात त्या कसोटीपासून होईल.

उघडेपणाने दाखवणे हा दुबळेपणाच मानावा, असे मात्र नाही. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, सायकलच्या नळ्या आणि टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी जाणीवपूर्वक सर्वांसाठी खुली केली, आणि एकदा अशी रचना दिनांकासह प्रसिद्ध झाली, की तिच्यावर पुढे कोणालाही पेटंट घेता येत नाही. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती, संबंधित असो वा नसो, लेखी हरकत घेऊ शकते, आणि ती रचना भारतात आधीच लोकांना ठाऊक किंवा वापरात होती हे त्या हरकतीचे एक मान्य कारण आहे. म्हणून नरकासुराचा जबडा कोणत्या जोडणीने उघडला, गरुडाचे पंख कोणत्या दांडीने हलले, याचे रेखाचित्र आणि चित्रण ते उभारणाऱ्या मंडळाने जपले, त्यावर गाव, वर्ष आणि करणाऱ्यांची नावे लिहिली, तर पहाटे जळून गेलेले यंत्रही मुंबईच्या पेटंट कार्यालयात पुरावा म्हणून उभे राहू शकते.