वेल फुलला, पण शेंग धरेना

व्हॅनिलाचे आइसक्रीम ठाऊक नाही असे मूल आज शहरात तरी क्वचितच सापडेल. पण व्हॅनिला म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेक मुले 'पांढरा रंग' किंवा 'बाटलीतला वास' असेच काहीतरी सांगतील. प्रत्यक्षात व्हॅनिला ही एका वेलाची शेंग आहे आणि हा वेल ऑर्किडच्या कुळातला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीतल्या झाडांवरून लोंबणारी सीतेची वेणी याच कुळातली. या वेलाला परक्या मुलखात सांभाळताना माणसाने काय काय केले आणि तरीही काय राहून गेले, याची गोष्ट शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी अशी आहे.

व्हॅनिलाचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथले तोतोनाक लोक या शेंगेचा सुगंध फार पूर्वीपासून ओळखून होते. अ‍ॅझ्टेक लोक ती कोकोच्या पेयात घालत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकला आणि ही शेंग युरोपात पोचली. 'व्हॅनिला' हे नावही स्पॅनिश भाषेतून आले. त्याचा अर्थ लहानशी शेंग.

पण पोचली ती वाळलेली शेंग. जिवंत वेल युरोपच्या थंडीत जगवणे हे वेगळेच काम होते. त्यासाठी श्रीमंतांच्या बागांत तापवलेली काचघरे बांधली गेली. भिंतींतून धुराडी फिरवून शेगडीची ऊब खेळवत. कातडी कमावण्यासाठी वापरलेली झाडाची साल वाफ्यात भरत. ती कुजू लागली की तिच्यातून मंद उष्णता निघत राही. व्हॅनिलाला हवी असते गर्द झाडीतली विरळ सावली, दमट हवा आणि चढायला आधार. पेरापेरांतून फुटणाऱ्या मुळांनी तो झाडाला धरून वर जातो. माळ्यांनी हे सारे काचेखाली जमवून आणले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनजवळ पॅडिंग्टन येथे चार्ल्स ग्रेव्हिल यांच्या संग्रहातला वेल फुलला. त्याच्या फांद्या कलमांसाठी युरोपातल्या इतर बागांत गेल्या. पण शेंग धरेना!

पुढे पॅरिसहून हा वेल १८२२ साली हिंदी महासागरातल्या एका फ्रेंच बेटावर गेला. मादागास्करच्या पूर्वेला असलेल्या या बेटाचे तेव्हाचे नाव बूर्बाँ, आजचे रियुनियन. तिथे काचघराची गरजच नव्हती. ऊन, पाऊस, सावली सगळे मनाजोगते. वेल वाढले, फुलले; शेंगा मात्र तिथेही लागेनात. म्हणजे अडचण थंडीची नव्हती.

मग अडत कुठे होते? उत्तर फुलाच्या रचनेत आहे. फुलाच्या मध्यभागी एक दांडा असतो. त्याच्या टोकाशी परागकणांचा पुंजका आणि लगेच खाली कुक्षी. दोन्हींत अंतर अगदी थोडे, पण मध्ये एक पातळ पडदा आडवा येतो. त्यामुळे आपले परागकण आपल्याच कुक्षीवर पडत नाहीत. कोणीतरी ते उचलून न्यावे लागतात. मेक्सिकोच्या रानात हे काम तिथल्या माश्या करतात. तेही नेहमी नव्हे. रानात फारच थोड्या फुलांना फळ धरते. त्यात फूल उमलते एका सकाळपुरते. दुपारपर्यंत ते मिटू लागते. युरोपने वेल आणला, त्याचे हवामान आणले, पण त्याची माशी आणली नाही. ती आणायला हवी, हे कोणाला ठाऊकच नव्हते.

याचा अर्थ कीटक आणि फुले यांचे नाते अगदीच अज्ञात होते असे नव्हे. जर्मनीत श्प्रेंगेल या शिक्षकाने १७९३ सालीच त्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ऑर्किडांच्या परागणावरचे डार्विनचे पुस्तक यायला १८६२ साल उजाडले. मधल्या काळात, १८३६ साली, बेल्जियममधल्या लिएज शहरात शार्ल मोरेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने काचघरातल्या फुलांचे परागण स्वतःच्या हातांनी केले आणि युरोपात व्हॅनिलाच्या शेंगा धरवून दाखवल्या. शास्त्रीय प्रश्न सुटला. पण मळ्यात हजारो फुलांवर भराभर वापरता येईल अशी रीत त्यातून रुळली नाही.

ती रीत १८४१ साली सापडली बूर्बाँ बेटावर, आणि सापडली एका बारा वर्षांच्या मुलाला. त्याचे नाव एदमाँ. तो जन्मतःच गुलाम होता. आई त्याच्या जन्माच्या वेळीच वारली. सँत सुझान गावचा मळेवाला बेलिये-बोमाँ हा त्याचा मालक. मालकाला झाडांचा नाद होता आणि एदमाँ त्याच्या मागे मागे बागेत हिंडत असे. भोपळ्याच्या कुळातल्या एका वेलाच्या नर फुलातले पराग मादी फुलाला कसे लावायचे, हे मालकाने त्याला दाखवले होते.

बेलिये-बोमाँच्या बागेत सुमारे वीस वर्षांचा एक वांझ व्हॅनिलाचा वेल होता. एके सकाळी त्यावर दोन शेंगा दिसल्या. एदमाँ म्हणाला, 'त्या मी धरवल्या.' मालकाचा विश्वास बसला नाही. काही दिवसांनी आणखी शेंगा दिसल्या, तेव्हा त्याने मुलाला करून दाखवायला सांगितले. एदमाँने फुलाची पुढची पाकळी बाजूला केली, बांबूच्या बारीक काडीने मधला पडदा उचलला आणि अंगठ्याने परागांचा पुंजका कुक्षीवर हलकेच दाबला. एवढेच! काही सेकंदांचे काम. त्याला शाळा मिळाली नव्हती. भोपळ्याच्या फुलात जे पाहिले त्याचा माग त्याने दुसऱ्या, कितीतरी गुंतागुंतीच्या फुलात काढला होता. विज्ञानात याहून वेगळे काय करतात?

मालकाने त्याला आसपासच्या मळ्यांत ही रीत शिकवायला पाठवले. १८४८ साली बेटावरून सुमारे ५० किलो व्हॅनिला फ्रान्सला गेली होती. १८९८ साली उत्पादन सुमारे २०० टनांवर पोचले. एदमाँच्या वाट्याला काय आले? १८४८ च्या डिसेंबरात तिथली गुलामगिरी संपली आणि त्याला आल्ब्युस हे आडनाव मिळाले. पैसा मिळाला नाही. पुढे चोरीच्या आरोपावरून त्याला तुरुंगवास झाला. त्याचे व्हॅनिलाचे काम लक्षात घेऊन शिक्षा कमी करावी, अशी विनंती झाली आणि तो मुदतीआधी सुटला. बेटावरच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख रिशार यांनी ही रीत आपणच आधी शिकवली होती असा दावा केला, तेव्हा बेलिये-बोमाँने पत्र लिहून तो खोडून काढला आणि श्रेय एदमाँचेच असल्याचे नोंदवले. हे पत्र आहे म्हणून आपल्याला ही हकीकत कळते. १८८० साली एदमाँ गरिबीतच वारला.

आज व्हॅनिलातील सुगंधी द्रव्य, म्हणजे व्हॅनिलिन, बहुतांशी कारखान्यात तयार होते. १८७४ साली ते प्रथम कृत्रिमरीत्या बनवले गेले. खऱ्या शेंगा मात्र आजही फूलन्‌फूल हाताने परागित करूनच मिळतात, तेही एदमाँच्याच पद्धतीने.

हौस असेल तर हा वेल कुंडीतही वाढवता येतो. काथ्या गुंडाळलेला खांब, नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळलेली भुसभुशीत माती, पडद्याआडून येणारा उजेड आणि पानांवर पाण्याचा फवारा एवढे त्याला पुरते. मुळाशी पाणी साचू देऊ नये. वेल काही मीटर लांब झाल्याशिवाय फुलत नाही, म्हणून धीर धरावा लागतो. शेंडा वर न चढवता खाली वळवून सोडला तर फुलायला मदत होते. आणि फूल आले की त्याच सकाळी काडी घेऊन उभे राहावे लागते.

व्हॅनिलाचा वेल मिळाला नाही तरी अडत नाही. शाळेच्या आवारात भोपळ्याचा वेल लावावा. मादी फुलाखाली इवलासा भोपळा असतो, नर फुलाखाली नुसता देठ. आदल्या संध्याकाळी, उद्या उमलणाऱ्या काही मादी कळ्यांवर कागदी पिशव्या बांधाव्यात. सकाळी निम्म्या पिशव्या सोडून त्या फुलांना नर फुलाचे पराग मुलांच्या हातून लावून घ्यावेत आणि पिशव्या पुन्हा बांधाव्यात. उरलेल्या तशाच ठेवाव्यात. आठवड्याने कोणती फळे वाढली आणि कोणती गळली ते मुलांनीच मोजावे. एदमाँला सुरुवात करायला एवढेच मिळाले होते. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाने उद्या 'हे मी केले' असे सांगितले, तर त्याला 'दाखव पाहू' असे म्हणायला आपण तयार असावे. आणि त्याने दाखवले, तर त्याचे नाव लिहून ठेवावे.