तळटीप : सिस्टर रोझेटा थार्प

सिस्टर रोझेटा थार्प (१९१५–१९७३) : अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका व गिटारवादक, जन्म आर्कान्सा राज्यात. आई चर्चमध्ये प्रवचन करी, मँडोलिन वाजवी. १९३८ पासून डेक्का कंपनीने रोझेटाच्या तबकड्या काढल्या. भक्तिगीते ती नाइटक्लबातही गाई, याचा चर्चमधल्या मंडळींना राग. लेखकाने तिला नुसती ‘गॉस्पेल गायिका’ म्हटले आहे, ते अपुरे आहे. १९४४ साली ध्वनिमुद्रित झालेले ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ ऐकावे : एल्व्हिसच्या पहिल्या तबकडीआधी दहा वर्षे रॉक अँड रोलचा ठेका त्यात स्पष्ट आहे. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकात, ओल्या फलाटावर, अंगात कोट असताना तिने इलेक्ट्रिक गिटार काय तडफेने वाजवली आहे! रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश थेट २०१८ साली झाला.