बाज, दूध आणि कोळसा

वाशीमचा इतिहास सांगायला बसलेला माणूस दोन वाक्यांत अजिंठ्याला पोचतो. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, त्या शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव, त्यानं सोळावं लेणं कोरवून घेतलं, झालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण मी वाशीम जिल्ह्यातल्या रिठदचा, कोतवालाचा नातू. राजधानीपासून चालत जाता येईल अशा एखाद्या खेड्यात तेव्हा काय चाललं असेल, ते मला चित्रांपेक्षा तांब्याच्या पत्र्यांत जास्त दिसतं.

असाच एक ताम्रपट वाशीमला 1939 साली उजेडात आला. तो आहे दुसऱ्या विंध्यशक्तीचा, म्हणजे चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला, त्याच्या राज्याच्या 37व्या वर्षी दिलेला. घराण्याचं गुणगान संस्कृतात आणि पुढचा कामाचा मजकूर प्राकृतात. हुकूम ज्यांनी पाळायचा त्यांना तो कळायला हवा, एवढा व्यवहार राजाच्या कारकुनाला नक्कीच समजत असणार. नांदेडकडच्या मुलखातलं आकासपद्द नावाचं गाव काही अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिलं, असा त्याचा विषय. ब्राह्मणांची नावं आणि गोत्रं एकामागून एक नोंदली आहेत. गावात नांगर धरणाऱ्या एकाचंही नाव नाही. तशी अपेक्षाही नव्हती.

खरी गंमत त्यापुढच्या सवलतींत आहे. या गावात शिपायांनी शिरायचं नाही. गावानं पाळीपाळीनं बैल द्यायचे नाहीत. फुलं आणि दूध द्यायचं नाही. कातडी आणि कोळसा द्यायचा नाही. मीठ आणि मद्य यांवरचा राजाचा हक्क इथं चालायचा नाही. सोनं-धान्य मागायचं नाही. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम : आलेल्या माणसांना खाटा आणि जेवणखाण पुरवायचं नाही.

वाकाटकांच्या इतर दानपत्रांतही, पूर्वेकडच्या शाखेच्या सुद्धा, जवळपास हीच यादी येते. वा. वि. मिराशींनी 1963 साली वाकाटकांचे सगळे कोरीव लेख एका ग्रंथात आणले, त्यात ही कलमं ओळीनं वाचता येतात. एखाद्याला वाटेल, ठरीव मजकूर आहे, कारकुनानं उतरवून काढला. मला उलट वाटतं. मजकूर ठरीव झाला, कारण मागणी ठरीव होती. माफी एका गावाला मिळाली. बाकीच्या गावांना ते सगळं द्यावंच लागत होतं.

यातलं प्रत्येक कलम शेतकऱ्याच्या अंगणात उभं राहून वाचावं लागतं. बैलांचंच घ्या. राजाचा माणूस मालासह पुढच्या गावी निघाला की जोडी त्याची. आता ती मृगाच्या पेरणीत गेली तर? आमच्याकडे वाफसा येतो आणि तीन-चार दिवसांत जातो. त्या दिवसांत गोठा रिकामा असेल तर पुढचं वर्ष कसं जाणार, हे आजही कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

खाटेचं कलम वाचलं की मला आजोबा आठवतात. साहेबाचा दौरा ठरला की आदल्या दिवशी त्यांची धावपळ सुरू. कोणाच्या घरची बाज चांगली आहे, कोणाची म्हैस दुभती आहे, सरपण कोणाकडे आहे, हे सगळं कोतवालाच्या डोक्यात. बाज उचलून न्यायची, साहेब गेला की परत आणायची, तोवर घरची म्हातारी जमिनीवर. आजोबा हे हसत सांगायचे. आजी हसत नसे.

अजिंठ्याचा मान मी कमी करत नाही. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवलंय, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. राजपुत्र सगळं देऊन टाकतो, आणि शेवटी जूजक नावाचा ब्राह्मण येऊन त्याची पोरंच मागतो, आपल्या बायकोच्या हाताखाली राबायला. चित्रकारानं हा जूजक विचकलेल्या दातांचा, विरळ दाढीचा काढलाय. ज्या घराण्यानं ब्राह्मणांना गावं दिली, त्याच घराण्याच्या राज्यात दान मागणाऱ्याचं हे असं चित्र भिंतीवर निघालं! चित्रकाराला कोणी हटकलं नसावं. पण आरसा, छत्री, दागिने, महाल हे सगळं त्या भिंतींवर भरभरून आहे. कोळशाची पाटी घेऊन राजमाणसाच्या मुक्कामावर निघालेला गडी मला तिथं सापडला नाही. प्राचीन इराकमधल्या सुमेरमध्येही तसंच. तिथल्या मूर्ती देवांच्या आणि बड्या लोकांच्या, आणि मजुराला किती जव, किती बिअर द्यायची हे मातीच्या पाटीवरच्या हिशेबात. बारीकसारीक जगणं कळतं ते बहुतेक देण्याघेण्याच्या कागदांतून.

वाशीमजवळच्या हिस्से बोराळ्याचा शिलालेख या बाबतीत थोडा वेगळा. शक 380, म्हणजे इसवी सन 458. वाकाटक राजा देवसेन याचा सेवक स्वामिल्लदेव यानं सुदर्शन नावाचं तळं बांधलं. नाव गिरनारच्या पायथ्याच्या, मौर्यांच्या काळच्या प्रसिद्ध तळ्यावरून घेतलेलं दिसतं. वाकाटकांच्या लेखांना बहुधा राजाच्या राज्याचं वर्ष असतं. इथं शकाचं वर्ष कोरलंय, म्हणून इतिहासकारांना हा दगड मोलाचा. आम्हाला मोलाचा तो तळ्यासाठी. गावाकडून घ्यायच्या गोष्टींच्या इतक्या याद्या वाचल्यावर, गावाच्या कामी येईल असं काही केल्याची एक नोंद सापडते.

ताम्रपटातलं एक कलम मुद्दाम शेवटी ठेवलंय. दान दिलेल्या गावात जमिनीखाली जे धन निघेल, तेही घेणाऱ्याचंच. म्हणजे इतर गावांत ते राजाचं. इंग्रजांनी 1878 साली गुप्तधनाचा कायदा केला, त्यात दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं ठरलं. म्हणून खेड्यात विहीर खणताना नाणी निघाली की आधी इकडेतिकडे पाहतात, मग सोनाराकडे जातात. त्याच्या मुशीत राजाचं नावही वितळतं आणि सालही.